घट

चौगुल्यांच्या वैजयंताताईनं कार्ड दिलं, चौकोन आखलेलं.
"जेवलीस की डाव्या कुशीवर पड,
धा वेळा हाललं की ऊठ.
उचकी धरायची न्हाई. लाथ, ढुशी, वळण, तेवढंच.
आणि धा भरलं न्हाईत तर
वाट बघत बसू नगंस. फोन कर."

हाताशी पेन्सिल कधीच नसते.
हाताशी असतात घुंगरं,
शेठनं तोलून दिलेली, सव्वा किलोची थैली.
हुपरीत कुठल्याही सोप्यात डोकावा, हेच चाललेलं:
चिमट्यानं कडी उघड, घुंगरू ओव, कडी मीट.
झाळकाम सातव्यापासून बंद केलंय,
धूर नको म्हणाली ताई.
उघडायला आणि मिटायला हरकत नाही.

तर एक लाथ, एक घुंगरू वाटीत.
दहा झाली की परत थैलीत.
शीतल कारखान्यातनं फोन करतो, "किती?"
मी म्हणते, सात.
तो म्हणतो, बरं.
पाठीमागं लेथ ओरडत असतो.
याहून जास्त बोलायला आम्हाला येत नाही.

कार्डाच्या तळाला एक ओळ आहे, आईची तब्येत.
तिथं मी रोज लिहायचे: बरी.

आत्ती हसायच्या.
"आमच्या येळंला कोण मोजत हुतं गं?
पोटातलं पोटात, चुलीतलं चुलीत."

मंगळवारी दिवेलागणीला वाटीत चार.
कूस बदलली. बोटानं टकटक केलं,
शेजाऱ्याच्या दाराला करतात तसं, हळू, दोनदा.
उसाच्या ट्रॉल्या रस्त्यानं गाणी लावून गेल्या,
एवढ्या आवाजानं तो रोज दचकतो.
चार.
मळीचा वास घरभर, आणि चार.

आत्ती सूर्य बुडायच्या आत जेवणाऱ्या.
नंतर पाण्याचा थेंब नाही, चुलीला काडी नाही,
चव्वेचाळीस वर्षं.
त्या उठल्या. गॅस पेटवला.
निळ्या जाळाकडं क्षणभर अशा बघत राहिल्या
जणू तो पहिल्यांदाच बघताहेत.
गुळाचं पाणी केलं, मला दिलं,
आणि माझ्याकडं पाठ करून म्हणाल्या,
"शीतलच्या आदी एक हुतं.
असंच गप झालं.
दोन रात्री मी म्हटलं, निजलंय."

मग पातेलं घासायला घेतलं, स्वच्छ असलेलं.
फोन मी नाही केला, त्यांनी केला.

पट्टणकोडोली मागं पडली, रिक्षात आम्ही तिघी,
शीतल कंपनीतनं परस्पर येणार.
उजळाईवाडीच्या अलीकडं गतिरोधक आला
आणि आत काहीतरी सरकलं.
तो की रिक्षा? धरायचं की नाही?
मुठीत एक घुंगरू होतं, घरातनं निघताना राहिलेलं.
मी ते घट्ट केलं. पाच.

सीपीआरला पोटावर पट्टा बांधला.
आधी नुसती खरखर.
मग इचलकरंजीच्या बोळातनं जाताना
बंद खिडकीआडनं माग ऐकू यावा तसं
खटखट, खटखट, खटखट,
कुणीतरी रात्रपाळीला बसलेलं.
आत्तींनी पदर तोंडात धरला.

"बाळ ठीक आहे," सिस्टर म्हणाली, "लगेच आलात ते बरं केलंत."
आणि कागद फाडता फाडता,
"तुम्ही? झोप लागते का?"

एवढंच विचारलं तिनं.
मी अशी रडले की पट्टा हलला
आणि कागदावरची रेघ डोंगरासारखी वर गेली.
तिला वाटलं, बाळानं लाथ मारली.
मारलीही असेल.

शुक्रवारी शेठनं माल तोलला.
"एक घुंगरू कमी भरतंय."
ते आत्तींच्या डब्यात आहे, हळदीच्या शेजारी,
त्यांनी मागून घेतलं, का ते सांगितलं नाही.
मी म्हटलं, धरा घट.
त्यांनी वहीत मांडली, मजुरीतनं वजा.

आता दुपार आहे. वाटीत नऊ.
कार्डाच्या तळाशी 'बरी' खोडून लिहिलंय:
रात्री तीनला जाग येते, भीती वाटते,
आत्ती जाग्याच असतात.
जागा पुरली नाही, समासात गेले.

दहावं चिमट्यात धरून बसलेय.
ये रे.
कडी उघडीच ठेवलीय.