बुच्याले नेशीन तं

उद्धवा, बुच्याले नेशीन तं नवाच्या आधी नेजो,
मंग डॉक्टरीन बाई लसीच्या शिबिराले निंगून जाते.
तोंड सुतळीनं नोको बांधू,
तुह्या जुन्या दुपट्ट्याची चिंधी घे,
वासानंच उगा राह्यते जनावर.

वकला असन तं पुसून नोको टाकू,
पळसाच्या पानात घेऊन जाय. लाजू नोको.
सुई टोचतानी दाराकडे नोको पाहू,
त्याच्याकडे पाह्य.

अन् बाई पुसतीन,
कवापासून खात नाही?

मलेही पुसलं होतं.
मी म्हटलं, काल.
मांग सुकेशनी उभी, सात वर्साची,
म्हणे, नाही बाई, सोमवारपासून.
माह्या हातची भाकर
निस्ती हुंगे अन् ठेवे.

रजिस्टरात मालकाचं नाव लिवा लागते.
मी सुकेशनीचं सांगतलं.