उशीर

भिंतीवर एकतीस पडदे. सगळ्यांवर एकच मध,
एकाच चमच्यातून ओघळणारा,
दिवसातून दोनशे वेळा तरी.
मी त्याच्यापुढे उभी राहून सांगत असते:
फोर-के, एट-के, एकशेवीस हर्ट्झ,
काळा तर इतका काळा, की विहिरीत वाकून बघावं.
ग्डीनियात नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात,
काळ्याचं कौतुक इथे फारसं कुणाला नाही.

तो पिशवी घेऊन आला. पिशवीत टॉवेल,
टॉवेलात गुंडाळलेला कन्सोल,
तान्ह्याला दवाखान्यात आणावं तसा.
झेनोन नाव. बंदरात क्रेन चालवली, अडतीस वर्षं.
"चित्र सगळ्यांचंच छान असतं हो," म्हणाला,
"मला उशीर बघायचाय."

दांडा ओढला की आकडा लगेच हलत नाही.
मध्ये दोर असतो, वारा असतो, खाली लटकलेलं वजन असतं.
तेवढा उशीर त्याच्या तळहाताला पाठ होता.
घरच्या टीव्हीचा मात्र पाठ होईना.
दर शनिवारी सातला नात खेळायला येते, नेला,
अकरा वर्षांची, तिकडे बर्गनमध्ये, कानाला हेडफोन.
दोघं छपरांवरून पळतात. ती पोचते, हा पडतो.
"आजोबा, आत्ता उडी मारायची होती!"
"अगं, मी आत्ताच मारली."
वय चौऱ्याहत्तर. त्यानं हात डॉक्टरला दाखवले.
डॉक्टरनं ते उलटसुलट करून परत दिले.

मी एक रिकामा खोका उलटा घातला.
त्यानं पावलं मोजून तो मागे ओढला: दोन मीटर दहा,
घरचा सोफा तिथेच येतो.
इतक्या लांबून एट-के डोळ्याला कळत नाही,
हे मी हळू आवाजात सांगितलं. दारिउश पलीकडेच होता.
महागड्या पडद्याच्या कोपऱ्यात सवलतीचा जुना आकडा
पुसट उमटून राहिलेला. तो त्यानं लगेच हेरला.
"माझ्याही डोळ्यात आहे असा," म्हणाला,
"केबिनच्या काचेवरचा वायपर."
पुढे काही बोलला नाही.

मग मी गेम मोड लावला.
म्हणजे पडद्याचा शहाणपणा बंद:
रंग खुलवणं नाही, हालचाल गुळगुळीत करणं नाही,
आलं तसं दाखवायचं, बस.
त्यानं उडी मारली. पोचला.
परत मारली. परत पोचला.
तिसऱ्यांदा मारलीच नाही,
कंट्रोलर मांडीवर ठेवून हात बघत बसला.

घरी कुठला आहे, हे मी सवयीनं विचारलं,
जुना देऊन नवा घ्यायची योजना चालू होती म्हणून.
त्यानं कंपनी सांगितली, साल सांगितलं.
त्यात गेम मोड आहे.
मेनूत तीन मजले खाली, जनरलच्या आत,
कारखान्यातून येतानाच बंद.

महिन्याचे दोन टीव्ही अजून विकायचे होते मला.
खोटं बोलायची गरज नव्हती, नुसतं गप्प राहिलं तरी पुरे.
गप्प राहण्याचाही उशीर मोजता येतो.
माझा भरला साधारण चार सेकंद.

किमतीच्या पाटीमागे मी रस्ता लिहून दिला:
इथून इथे, मग इथे, मग चालू.
त्यानं ओठ हलवत वाचला.
"म्हणजे इतके दिवस हे तिथंच होतं?"
"हो."
पावणेसहा झाले होते, वार होता शनिवार.
कन्सोल तसाच पिशवीत कोंबून तो बसकडे धावला,
खरंच धावला. टॉवेल माझ्या काउंटरखाली आहे.

"गेला का?" दारिउशनं विचारलं.
"त्याची केबल ढिली होती," मी म्हटलं.

रात्री नऊला भिंत मी बंद करते.
एक बटण, एकतीस पडदे.
सगळे एकदम विझत नाहीत, हे आजवर ध्यानातच आलं नव्हतं.
वरच्या रांगेतला डावीकडून चौथा
जरा मागे राहतो,
मधाचा एक थेंब त्याच्यावर लोंबकळत असतो
बाकी भिंत काळी झाल्यावरही.
किंमत सगळ्यांत जास्त त्याचीच आहे.