बारा सतरा

समरकंदहून मी आणलं काय, तर सुके जर्दाळू
आणि मोबाईलमध्ये एका खड्ड्याचे एकोणीस फोटो.
बरोबरच्या बायकांनी रेशीम आणलं.

मुनव्वरमामूंनी वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर चढवला,
फोटो बोटांनी मोठा केला, आणि विचारलं ते थेट कामाचं :
"किती खोल हाये? उतार कोन्या बाजूनं?
दगड सांधला कशानं?"

मला काय सांगता येणार.
टेकडीच्या पोटात कापलेली घळ,
तिच्यात उतरत गेलेले संगमरवराचे दोन रूळ,
जणू एखादी गाडी जमिनीखालून निघून
सूर्यावर जायची होती.
कठड्याला टेकून वाकले तेव्हा
गारवा वर आला, रांजणाच्या तोंडातून येतो तसा.
वरचं तीन मजली सगळं गेलं, गाइड म्हणाली.
राजाला मारलं, मग विटा लोकांनी नेल्या.
साडेचारशे वर्षं कुणाला जागाही ठाऊक नव्हती.

"म्हंजे पुरलं तेवढं वाचलं,"
मामू म्हणाले, आणि दुकानाचं शटर ओढलं.

आमच्याकडे मंगरूळच्या रस्त्याला कालवा आहे.
म्हणजे, खणलेला आहे.
त्यात बाभळी, क्रिकेट, लग्नातल्या पत्रावळी.
फाट्यापासून अडीचशे पावलं तो
नाकासमोर उत्तरेला जातो,
हे सव्वीस वर्षांत मला दिसलं नव्हतं.
मामूंना एका रात्रीत दिसलं, ध्रुवाला धरून.

आडवा गर्डर टाकला, त्यावर पत्रा,
पत्र्याला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक.
शेजारून ओळंबा. तळाला चुन्याचा लांब पट्टा.
आणि चुन्यावर रोज दुपारी
बत्ताशाएवढा सूर्य.

खुणांना मामूंनी उर्दू शाळेतली अक्षरं दिली,
अलिफ म्हणजे एक, बे म्हणजे दोन.
पोरांना वाचेनात. "मंग तुमच्या लिवा."
पोरांनी लिहिलं :
मन्याची म्हैस व्याली.
लाईट गेली.
लाईट गेली.
गणिताचा पेपर.
सुलूताई नांदायला गेली, आणि त्याच्या
दोन बोटं पुढे : सुलूताई परत आली.

बावीस मेला सगळे कालव्यात उतरलो,
डोक्याला दुपट्टे बांधून.
बारा वाजले. काही झालं नाही.
मन्या म्हणाला, मोबाईल तर बरोबर आहे.
"घड्याळ मिर्झापूरचं हाये रे.
सूर्य आपला हाये. थांब."

बारा सतराला बत्तासा सरकत आला
आणि ओळंब्याच्या टोकाखाली बसला.
पोरांच्या सावल्या त्यांच्या चपलांत शिरल्या.
मामूंनी टोपी काढली, परत घातली.
कुणी टाळी वाजवली नाही.
वर काठावर एक शेळी ओरडली.

जूनमध्ये पाटबंधारेचे नवे साहेब आले.
यंदा पाणी सोडतो म्हणाले.
तसं आधीचेही म्हणाले होते,
पण यांच्या हातात कागद होता.
पोरं मामूंकडे पाहू लागली,
मामू चुन्याकडे, म्हशीकडे, सुलूताईकडे.

"येऊ द्या," म्हणाले.
"पान्यावर बी पडतेच नं सूर्य.
हालन जरासा, इतकंच."

मग शिडी लावून वर चढले,
आणि भोकावर कोळ्यानं विणलेलं जाळं
काडीनं, हलक्या हातानं, बाजूला केलं.