पिशवीत नसलेली वस्तू

आमच्या खेळातल्या बाईला नाव नाही.
ती सड्यावर पाठमोरी उभी असते,
बत्तीस ठिपके उंच, खांद्याला पिशवी,
आणि तुम्ही दाबाल तिथे चालत जाते.

जांभ्याचा रंग मला तीन महिने सापडेना.
पडद्यावर तो कधी विटेचा व्हायचा, कधी गंजाचा.
शेवटी चिऱ्याचा एक कपचा रुमालात बांधून आणला,
टेबलावर ठेवला.
सकाळी एक रंग, दिवेलागणीला भलताच.
फैयाज म्हणाला, दोन्ही घे.
म्हणून आमच्या खेळात ऊन सरकतं.

कोड फैयाज मुकादमचा, चित्रं माझी.
खोली मिरकरवाड्यात, बर्फाच्या कारखान्यामागे.
पहाटे लाद्या फुटायला लागल्या
की आम्ही झोपायला जायचो.

पहिलं कोडं सोपं आहे.
बाण कातळावर फिरवत राहा,
एका जागी त्याचा हात होतो.
पिशवीतला हिरांचा खराटा घ्या, माती झाडा.
तांब्यातलं पाणी ओता.
ते सगळीकडून वाहून जातं,
फक्त खाचेत थांबतं.
ती पहिली रेघ.
अशा एकोणीस रेघा मिळाल्या की कळतं,
आपण मघापासून एका पाकटीच्या पाठीवर उभे आहोत,
सोळा हात रुंद,
समुद्रापासून तीन कोस आत.

इथे लोक अडकतात.
कंदील लावतात: 'अजून उजेड आहे.'
नारळ ठेवतात: 'तिने मागितलेला नाही.'
कुदळ काढली तर बाई नुसती मान हलवते.
असे एक्केचाळीस नकार फैयाजने लिहिले,
काही रागात.

पुण्याचे पैसेवाले विचारत होते, शेवट काय?
पाकटीखाली दार हवं, पायऱ्या, मशाली,
निदान एक सोन्याचं काहीतरी.
मी दार काढलंही होतं. सहा आठवडे.
त्याच्या बिजागऱ्या चांगल्या जमल्या होत्या.

मग एप्रिलमध्ये घवाळवाडीच्या सड्यावर
सुगंधा घवाळी भेटली, चार शेळ्या घेऊन.
डोक्यावर टॉवेल, हातात शिरडी.
चालता चालता एका जागी थांबली,
आम्हाला तिथे काहीच दिसत नव्हतं,
चपला काढून काखेत मारल्या,
तापल्या कातळावरून वीस पावलं गेली,
पलीकडे पुन्हा घातल्या.

फैयाजने विचारलं, कोणी काढलं हे? कशासाठी?
"ता आमाला काय ठाव.
आजी काडायची चपला, म्हनून मी काडतंय."
आणि आजी का काढायची?
"तिची आजी काडायची."
शेळ्या मात्र चित्रावरून खुशाल चालत गेल्या.
त्यांना कोणी काही बोललं नाही.

परतीच्या एसटीत फैयाज गप्प होता.
राजापूरच्या स्टँडवर वडापाव खाताना म्हणाला,
दार पुसू या.
मला रडू आलं ते बिजागऱ्यांसाठी.

आता शेवटच्या दृश्यात पिशवीतलं काहीच चालत नाही.
उत्तर पिशवीत नाहीच.
बाईच्या पावलांवर दाबावं लागतं,
सगळे मिळून आठ ठिपके,
जे पहिल्या क्षणापासून तुमच्यासमोर होते.
ती वाकते. चपला काढते. चालू लागते.
काही उघडत नाही.
फक्त आतापर्यंत नसलेला एक आवाज येतो,
तीन कोसांवरून येईल इतकाच.

पुणेकरांनी हात झटकले. बरोबरच होतं त्यांचं.

एक बग तेवढा राहिला आहे.
कधी कधी एक शेळी येऊन
नेमकी पाकटीच्या डोळ्यावर बसते
आणि खेळ पुढे सरकत नाही.
तेव्हा काही दाबू नका, बंद करू नका.
ऊन उतरू द्या.
उठते ती.