मालखान्यात देण्याआधी

आचारसंहिता लागली की पाटणकर बाजारातल्या माझ्या दुकानात
माणसं बंदुका घेऊन येतात,
साड्या पिकोला आणाव्यात तशा, घाईत, पिशवीत.
आठ दिवसांत ठाण्यात जमा, निकालानंतर परत.
मधले अडीच महिने मालखान्याची भिंत, तिची ओल,
आणि शेजारी टेकलेली कुणाची तरी गावठी,
अंगभर गंज घेऊन.

कुमुदिनीबाई दळवी टेम्पोतून उतरल्या.
दुनळी सोलापुरी चादरीत गुंडाळलेली, वर सुतळीच्या दोन गाठी.
म्हणाल्या, हे गेल्यापासून तेल मीच लावते.
कुठलं?
खोबरेल.

मी हसलो नाही.
आमच्या ग्वाल्हेरात पौषात खोबरेल बाटलीतच थिजतं,
घोड्याच्या कमानीपाशी काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.
मुरैन्याकडचे मोहरीचं लावतात. ते सुकून व्हार्निश होतं,
नखानं खरवडून काढावं लागतं.
रॉकेल मळ काढतं, इमानदारीनं काढतं,
पण जाताना लोखंडाला उघडं टाकून जातं.
शिलाईमशीनचं बरं, पण पातळ;
वैशाखात ते खाली खाली उतरतं, दस्त्यात मुरतं,
आणि अक्रोडाचं लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं होतं.

बाईंनी वहीत लिहून घेतलं, खरंच,
गॅसवाल्याच्या नंबराखाली.

मग मी नळी दाराच्या उजेडात फिरवली.
डाव्या नळीवर, पुढच्या लाकडाच्या जरा वर,
एक अंगठा होता.
तांबूस. बारीक रेषांचा, मधल्या भोवऱ्यासकट,
घामाच्या मिठानं पोलादात उमटलेला.
एखाद्या जेठात धरली असेल, पुसायची राहिली.

चार शून्यांची लोखंडी लोकर घेतली, वर थेंबभर तेल.
पाच मिनिटांत जाईल, म्हटलं.
ते नको.
बाई, हा गंज आहे.
ठाऊक आहे मला. रोज बघते.

माझे वडील शिलेखान्यात होते. गंजाची कीव करायची नाही, सांगायचे,
तो दिसतो त्याच्यापेक्षा खाली राहतो.
मी लोकर हातात घेऊन बसलो.
समोरच्या इमरतीवाल्यानं कढई उतरवली तरी बसलोच होतो.

तेल हलतं. तेल पुसलं जातं.
मेण बसलं की बसतं.

खोबरेल थिनरनं धुतलं, जुन्या बनियनच्या तुकड्यानं,
अंगठ्यावर न घासता, नुसतं टिपत.
मग स्पिरिट. मग बायकोचं केस वाळवायचं यंत्र,
नळी हाताला सोसेल एवढी तापेपर्यंत.
पोळ्याचं मेण नाही घेतलं,
त्याला अंगचं थोडं आंबटपण असतं, आणि लोखंडाला ते कळतं.
डब्यातलं पांढरं. हरभऱ्याएवढं.
ते पसरताना माझा अंगठा त्या अंगठ्यावर ठेवावाच लागला.
माझा मोठा निघाला.
त्यांचा लहान, टोकाशी जरा कललेला.
दळवींना मी कधी पाहिलं नव्हतं.

लाकडाला जवसाचं तेल दिलं, सांगितलं,
घरी कधी लावलंत तर चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका,
ती आपल्याच उबेनं पेटते. उन्हात पसरा, मग फेका.
बाई म्हणाल्या, चिंधीसुद्धा?
चिंधीसुद्धा.

किती दिवस टिकेल हे?
कुणी हात लावला नाही तर वर्षभर.
आणि मुन्शीनं धरली तर? नंबर वाचायला धरेलच ना तो,
इथंच धरेल.

यावर माझ्याकडे तेल नव्हतं.
खणात दवाखान्यातले रबरी मोजे होते, ते काढून दिले.
त्यांनी एक जोडी घेतली, थांबल्या,
आणखी एक घेतली.
ही त्या मुन्शीला, म्हणाल्या,
आणि सुतळीची गाठ स्वतःच मारली.