शकतो आणि लागेल

फ्रेस्नोत, शनिवारी सकाळी, वाचनालयाच्या तळघरात
आम्ही सहा जण आणि एक हीटर,
जो नुसताच आवाज करतो.
तू गेर रात्रपाळी उरकून थेट आलाय,
गोदामाचा बिल्ला अजून गळ्यात.
मी पंचवीस वर्षं इथल्या कोर्टात कारकुनी केली,
वकील कधी झाले नाही.
लॉ स्कूलच्या परीक्षेचं जुनं पुस्तक तेवढं आणते,
आणि ही मुलं अडखळत मला म्हणतात
मिस टिपणीस.

आज प्रश्न अकरावा:
नोटीस मिळाली की भाडेकरूने
घर सोडलंच पाहिजे, असं यातून सिद्ध होतं का?
चौघांनी 'हो' काळं केलं.
येसेनियाने पेन्सिल खाली ठेवली.

"मी नऊ वर्षांची होते.
दारावर कागद. घरात इंग्रजी मलाच यायचं.
त्यात होतं, मालक घर रिकामं करून घेऊ शकतो.
मी आईला सांगितलं, करावं लागेल.
त्याच रात्री निघालो.
शेगडीवर घेवड्याचं पातेलं तसंच."

हीटर खडखडला.
मला अशा वेळी सुचतं ते चुकीचंच असतं,
म्हणून गप्प बसले.

महिनाभर ही मुलगी म्हणतेय,
अर्जाच्या निबंधात लिहावं असं
माझ्याकडे काहीच नाही.

कोरा कागद तिच्याकडे सरकवला.
तिने आधी अकरावा प्रश्न संपवला:
'नाही'चं वर्तुळ, गच्च,
कागद फाटेल इतकं.
मग विचारलं,
"पातेल्यापासून सुरुवात केली तर?"

कर, म्हटलं.
पलीकडे तू गेर
खोडरबर शोधत होता.