पासंग

लाल आकड्यांचा काटा आला
म्हणून दादांचा तराजू उतरवला,
तर एका पारड्याच्या बुडाशी
लाखेत बसवलेलं हे.
मिरचीच्या धुळीनं लालभडक. आधी मी शिंकले,
मग चिंचेनं घासलं.

एका अंगाला पक्षी निघाला.
बसगौडा कंडक्टर पाव किलो घ्यायला आलेला,
म्हणाला, नम्मदे री, गंडभेरुंड!
सरकारी कागदावर असतो तसा.
दोघांनी वाकून डोकी मोजली.
एकच भरलं.
त्याचा चेहरा पडला, आणि का कोण जाणे,
मलाही वाईट वाटलं.

पक्ष्याभोवती इंग्रजीच्या वळणाची अक्षरं.
मला कानडी कळतं, वाचता येत नाही.
हे वाचता येत होतं, कळत नव्हतं.
संकेश्वरात जन्म काढल्यावर
याचं नवल वाटत नाही.

दुसऱ्या अंगाला उजवीकडून डावीकडे.
दस्तगीरमामूंनी भिंग डोळ्यात खुपसलं
आणि बराच वेळ बोलेनात.
भिंतीवरची घड्याळं आपापली वेळ सांगत राहिली.
"शिराकत," म्हणाले. मग, "अल्मानिया."
"म्हणजे?"
"जर्मन."

घरी आई ऐकायलाच तयार नाही.
जर्मन कसलं? जर्मन पांढरं असतंय, हलकं असतंय,
आपलं दुधाचं डेचकं जर्मन.
हे तर तांबं आहे की.

खाली तेराशे सात. मी हरखले.
"हिजरी आहे बेटा," मामू म्हणाले होते,
"उलटं करून बघ."
पक्ष्याच्या पायाशी अठराशे नव्वद.
आम्ही डोकीच मोजत बसलो होतो.

बेळगावला खडेबाजारात एक पोतदार आहे,
त्याच्या पणजोबांपासून नाणी पारखतात.
त्यानं अंगठ्यानं लाख खरवडली,
जाड पुस्तक उघडलं.
पूर्व आफ्रिका, म्हणाला. तिथल्या जर्मन कंपनीचं,
बर्लिनला पाडलेलं.
"नाव काय याचं?"
"पेसा."
"पैसा?"
"पेसा."
एक मात्रा कमी, बाकी आपलाच.
दोन-तीनशे येतील. डाग नसते तर जास्त.
"इथं कसा आला?"
त्यानं पुस्तक मिटलं.
"माणसं कशी येतात ताई?"

खरं मला विचारायचं होतं ते वेगळंच,
आणि त्या पुस्तकात ते नव्हतं.
पारडं खोटं होतं म्हणून दादांनी हे लावलं,
की हे लावून पारडं खोटं केलं?
बाजारातल्या बाकीच्यांना ते म्हणायचे,
माझ्या पासंगाला पुरणार नाहीत लेकाचे.
गिऱ्हाईक हसायचं. मीही हसायची,
पोत्यावर बसून, पाय हलवत.
अर्ध्या तोळ्याहून थोडं जास्त भरतं हे.
म्हणजे सहा-सात मिरच्या, दर तोलाला,
चाळीस वर्षं.
कुणाच्या पिशवीतून, की कुणाच्या पिशवीत?

काल फळ्या लावून घेतल्यावर
दांडी परत आढ्याला टांगली.
पारडी रिकामी.
लाखेचा डाग असलेलं वर गेलं.
एवढं वर, की दादा, मला रडू आलं.
मग त्याच्यात पेसा ठेवला.
ते खाली आलं, पुढं गेलं, मागं आलं,
दुकानात दुसरा आवाज नव्हता.
थांबलं तेव्हा
काट्यात आणि खुणेत एक केस राहिला होता.
तो गिऱ्हाइकाकडचा की आपल्याकडचा
हे बघायला दिवा जवळ धरून वाकले,
आणि नेमकी शिंक आली.

अजून हलतोय.